फोनला ओठ नसतात

मास्तरांच्या घरात एक शिटी वाजत होती आणि ती कुठून येते हे कुणालाच सापडत नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कापडगिरणीतल्या मागखात्याचे मास्तर. छडी नाही, फळा नाही, पण रुबाब तोच. सुट्टीच्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता ते ओरडले, ‘‘अगं, कुकर बंद कर, किती शिट्या झाल्या!’’

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ओला हात पदराला पुसत त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, ‘‘कुकर अजून चढवलाच नाही.’’

मग मास्तरांनी शिटी शोधायला घेतली. फ्रिजला कान लावला. नळाखाली डोकं घातलं. भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली दाबलं. शिटी चालूच. स्वतःवर संशय घेणं मध्यमवर्गीय माणसाच्या स्वभावात नसतं. तो आधी घरातल्यांवर घेतो, मग शेजाऱ्यांवर आणि शेवटी वीजमंडळावर. घरातली माणसं आणि शेजारी या दोन्ही पायऱ्या मास्तरांनी दुपारच्या आत ओलांडल्या आणि ते मीटरपाशी जाऊन उभे राहिले.

तिथे विमेवाले भेटले. विमेवाले म्हणजे शेजारच्या खोल्यांतले विमा एजंट. दोन्ही घरांची गॅलरी एकच, मध्ये फक्त झाडांच्या कुंड्या, त्यामुळे मास्तरांच्या घरातली कुठलीही गोष्ट विमेवाल्यांना मास्तरांच्या आधी कळायची. सल्ला देणं हा त्यांचा श्वास होता.

‘‘विजेची गळती,’’ ते म्हणाले. ‘‘हसण्यावारी नेऊ नका. माझा एक ग्राहक होता, त्याच्याही मीटरमध्ये असाच आवाज यायचा.’’

पुढची गोष्ट मास्तरांनी ऐकली नाही, कारण विमेवाल्यांच्या सगळ्या गोष्टींत शेवटी ग्राहक मरतो आणि कुटुंबाचं भलं होतं. पण वायरमनला मात्र बोलावलं.

वायरमनने आधी पंखा उतरवला. मग ट्यूबलाइटचा चोक काढला. मग बेलचं बटण उचकटलं. प्रत्येक वेळी तो विचारायचा, ‘‘गेला?’’ आणि मास्तर मान हलवायचे, ‘‘नाही.’’ शेवटी त्याने चिडून मेन स्विच खेचला, तो नेमका अख्ख्या मजल्याचा निघाला. वरून, खालून, बाजूने लोक ओरडू लागले. त्या आरडाओरड्यात मास्तर डोळे मिटून उभे होते, कारण सगळं बंद झाल्यावर शिटी अधिकच स्वच्छ वाजू लागली होती.

‘‘बोट दाखवा, कुठून येतोय,’’ वायरमन म्हणाला.

मास्तरांनी खिडकीकडे बोट दाखवलं. वायरमनने त्यांना खांद्याला धरून उलटं फिरवलं. मास्तरांनी कपाटाकडे बोट दाखवलं. पुन्हा फिरवलं, तर दाराकडे. वायरमनने पक्कड पिशवीत टाकली.

‘‘मास्तर, मी घराचं फिटिंग करतो. डोक्याचं करत नाही.’’

जाताना त्याने पंखा असा काही लावून दिला, की त्या दिवसापासून तो खटखट वाजू लागला. बायकोची झोप उडाली. मास्तरांना मात्र त्या खटखटीचा पत्ता नव्हता. जो आवाज नाही तो ऐकू येतो आणि जो आहे तो येत नाही, असा हा घोळ पहिल्यांदा तिच्याच लक्षात आला आणि तिने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्याआधी विमेवाल्यांच्या सल्ल्याने कानात लसणीचं कोमट तेल घालून झालं. त्याने शिटी गेली नाही. मास्तरांजवळ कुणी बसेनासं झालं, एवढंच.

डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं, तेल पुसून काढलं आणि विचारलं, ‘‘कामाला कुठे?’’

‘‘मागखात्यात.’’

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ‘‘कानात काही घालता का तिथे?’’

मास्तरांना हसू आलं. गिरणीने कानात घालायचे बोळे एकदा आणले होते. ते कपाटात होते. कपाटाला कुलूप होतं, कारण कुलूप नसलं तर बोळे चोरीला जातील. किल्ली कुणाकडे होती हे विचारायची गरज आजवर कुणाला पडली नव्हती. मागखात्यात कान झाकणं म्हणजे नवशिकेपणाची कबुली. पहिल्या आठवड्यात पोरं कानात कापूस कोंबून येत, जुने लोक त्यांना इतके चिडवत, की दुसऱ्या आठवड्यात कापूस गायब. चिडवण्यात सगळ्यांत पुढे खुद्द मास्तर असत.

‘‘गेलं ते गेलं,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘ते कुठल्याही औषधाने यायचं नाही. शिटीही बहुधा राहील. पण उरलंय ते राखायचं असेल तर त्या आवाजातून बाहेर पडा. तपासणी करून घ्या, कागद गिरणीत दाखवा आणि शांत जागी बदली मागा. अजून दोन-चार वर्षं तिथे काढलीत, तर बायको समोर बसून बोलली तरी नुसती तोंड हलवताना दिसेल.’’

मास्तर उठले. शांत जागा त्यांना ठाऊक होती. तयार कापडाचं गोदाम. गिरणीच्या पार मागच्या अंगाला, जाड भिंतींचं. आत गेलं की तागेच तागे आणि सगळीकडे कोऱ्या कापडाचा वास. तिथला गोदामवाला निवृत्त व्हायला आला होता. ती खुर्ची मिळाली तर कान वाचणार होते. मास्तरांनी त्याच दिवशी मनातल्या मनात त्या खुर्चीवर उशी टाकली.

इथे मागखात्याची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा सत्यानाश तिच्यातून झाला. शेकड्यावर माग एकदम चालू झाले, की तिथे तोफ डागली तरी शेजारच्याला कळायचं नाही. म्हणून मागखात्यात कुणी आवाज काढून बोलतच नाही. ओठ हलवायचे, हात हलवायचे, बाकी समोरच्याने समजून घ्यायचं. त्या टोकाला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, साहेबांना शिव्या द्यायचा आणि या टोकाला मास्तर पोट धरून हसायचे. धागा तुटला, पगार अडकला, सासू वारली, सगळं ओठांवर. आणि ओठ वाचण्यात मास्तरांचा हात धरणारा गिरणीत कुणी नव्हता. आपला कान गेलाय हे इतकी वर्षं त्यांना कळलं नाही ते यामुळेच. दिवसभर सगळं समजत होतं. घरी आल्यावर मात्र बायको स्वयंपाकघरातून, म्हणजे पाठमोरी बोलायची. मास्तरांना वाटायचं, हल्ली ही फार कमी बोलते. संसाराला बरीच वर्षं झाली की होतं असं माणसाचं.

तपासणीच्या दिवशी बायकोही बरोबर आली. काचेची खिडकी असलेली एक छोटी पेटीवजा खोली होती. तपासणीवाल्या मुलीने मास्तरांना आत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. ‘‘काका, बारीक आवाज येईल. आला की बटण दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं. घाबरायचं नाही.’’

घाबरण्याचा प्रश्नच नव्हता. मास्तर आयुष्यात एकाही परीक्षेत नापास झालेले नव्हते. परीक्षा म्हटली की पास व्हायचं, एवढं एकच शिक्षण मध्यमवर्गाला खऱ्या अर्थाने मिळालेलं असतं. इथे नापास होण्यातच आपला फायदा आहे, हे त्यांना घरी पाठ होतं. पण हातात बटण आलं आणि ते विसरले.

ती मुलगी काचेपलीकडे मशीनवर बसली होती. आवाज सोडताना दर वेळी तिची हनुवटी किंचित खाली जायची. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. मास्तरांना आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या फेऱ्यावरून मागाचं दुखणं कळायचं, त्यांना हनुवटी दिसणार नाही तर काय! हनुवटी हलली, बटण दाबलं. हलली, दाबलं. तिने आवाज कमी केला, मास्तरांनी दाबलं. आणखी कमी केला, दाबलं. मुलगी चकित होऊन त्यांच्याकडे बघू लागली, तशी मास्तरांची छाती फुगली. कानात शिटीशिवाय काहीही येत नव्हतं, पण परीक्षा अशी फक्कड चालली होती की बस्स.

‘‘काका,’’ बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘या वयात असे कान मी पाहिलेच नाहीत. कॉलेजातल्या मुलासारखे आहेत!’’

मास्तर खुशीत हसले. हसता हसता त्यांची नजर बायकोकडे गेली आणि हसू जागच्या जागी विरलं.

ती रस्त्याने त्यांच्या पुढे चालत राहिली. घरी आल्यावर दार लावून त्यांच्यासमोर उभी राहिली.

‘‘म्हणजे सगळं ऐकू येत होतं तुम्हाला.’’

‘‘अगं, तसं नाही...’’

‘‘मला वाटायचं, कामाने दमून येतात, कान बसलेत बिचाऱ्यांचे. एकेक गोष्ट तीन-तीनदा सांगायचे मी. घसा फोडून सांगायचे. सगळ्या मजल्याला आपल्या घरातलं कळायचं, लाज वाटायची मला, तरी सांगायचे.’’ तिचा आवाज चढला नव्हता, ते मास्तरांना तिच्या मानेवरून कळत होतं. ‘‘माझी आई गेल्याचा फोन आला तेव्हा आतून हाका मारल्या तुम्हाला. तिथेच खाली बसले होते मी. तुम्ही इथे, या खुर्चीवर, पेपर वाचत होता. मान वर केली नाहीत. मी म्हटलं, जाऊ दे, ऐकू आलं नसेल. कॉलेजातल्या मुलासारखे कान!’’

मास्तरांना तो दिवस आठवत होता. ते आत गेले तेव्हा ती जमिनीवर बसून रडत होती आणि त्यांनी विचारलं होतं, ‘काय झालं, मला हाक नाही का मारायची?’ त्या प्रश्नावर ती त्यांच्याकडे कशी बघत राहिली होती, त्याचा अर्थ त्यांना आत्ता कळला.

एकीकडे बायको, दुसरीकडे गिरणीत पोचलेला तपासणीचा कागद; आता बहिरेपण सिद्ध करणं भागच होतं. एरवी माणूस आपलं वैगुण्य झाकायला धडपडतो. मास्तर गिरणीच्या कार्यालयात रोज जाऊन ‘मी बहिरा आहे हो, माझी पुन्हा तपासणी करा’ म्हणून हातापाया पडू लागले. पुन्हा तपासणी का, असा शेरा आला. पहिलीत चूक झाली म्हणून, असं मास्तरांनी लिहून दिलं. चूक कुणाची, असा दुसरा शेरा आला. त्याला उत्तर देताना मास्तरांची लेखणी अडली. ‘माझी’ लिहावं तर फसवणूक, ‘त्यांची’ लिहावं तर त्या पोरीची नोकरी. शेवटी त्यांनी ‘हनुवटीची’ असं लिहिलं आणि ते पत्र कार्यालयात बरेच दिवस टेबलाटेबलावर वाचलं गेलं.

इकडे विमेवाल्यांचा सल्ला वेगळाच. ‘‘मास्तर, बहिरेपण चेहऱ्यावर दिसलं पाहिजे. तोंड थोडं उघडं ठेवा. कुणी बोललं की ‘आँ?’ म्हणा.’’ मास्तरांनी आरशासमोर तोंड उघडं ठेवून पाहिलं. बायको मागून येऊन आरशात दिसली, तिने ते नाटक पाहिलं आणि ती निघून गेली. खरा बहिरा माणूस बहिरेपणाची तालीम करताना पकडला जाणं, याहून मोठा अपमान कुठला असेल तर तो अजून मास्तरांना माहीत नव्हता. लवकरच झाला.

दुसऱ्या तपासणीत गिरणीच्या डॉक्टरांनी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. मास्तर भिंतीचे पोपडे बघत बसले. बटण जवळजवळ दाबलंच गेलं नाही. मग दोन्ही निकाल समोर ठेवून कामगार अधिकाऱ्यांनी त्यांना खोलीत बोलावलं. डॉक्टर शेजारी बसले होते.

‘‘मास्तर,’’ अधिकारी म्हणाले, ‘‘गेल्या महिन्यात तुम्हाला मुंगी चाललेली ऐकू येत होती आणि या महिन्यात ठार बहिरे. काय समजायचं आम्ही?’’

मास्तर काहीतरी सांगायला गेले, पण अधिकाऱ्यांनी खाली बघून कागद चाळायला घेतले. थोड्या वेळाने मान वर केली आणि अगदी हळू, शेजारच्या डॉक्टरांनाही पुढे वाकावं लागेल इतक्या हळू म्हणाले, ‘‘मास्तर, तुमची बदली मंजूर.’’

मास्तर ताडकन उठले. त्यांनी हात जोडले. ‘‘उपकार झाले, साहेब!’’

‘‘पाहिलंत?’’ अधिकारी डॉक्टरांना म्हणाले. ‘‘तुम्हाला ऐकू आलं नाही, त्यांना आलं.’’

मास्तरांचे हात जोडलेलेच राहिले. मग त्यांनी खरं ते सगळं सांगून टाकलं. मागखात्याची रीत सांगितली, ओठ सांगितले, हनुवटी सांगितली. अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, दाखवा वाचून. आणि इथे मास्तरांचा अभिमान पुन्हा उफाळून आला. डॉक्टर पुटपुटले, मास्तरांनी सांगितलं. अधिकाऱ्यांनी आवाज न काढता स्वतःचा पत्ता सांगितला, मास्तरांनी घरनंबरासकट म्हणून दाखवला. खिडकीबाहेर पटांगणात शिपाई आणि पहारेकरी बोलत उभे होते. मास्तर म्हणाले, ‘‘तो म्हणतोय, आपला साहेब चिकट आहे.’’

डॉक्टरांना ठसका लागला. अधिकाऱ्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

‘‘वा,’’ ते म्हणाले. ‘‘पटलं. तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओठ मात्र उत्तम वाचता येतात. मग मागखात्यात तुमची अडचण काय आहे? तिथे कुणालाच ऐकू येत नाही. तुमच्यासारखा माणूस तिथे शोधून सापडायचा नाही. आणि गोदामात सगळा कारभार फोनवर. कुठला माल, किती तागे, कुठे पाठवायचे. फोनला ओठ नसतात, मास्तर.’’

‘‘पण साहेब, उरलेले कान...’’

‘‘बोळे आहेत ना कपाटात? वापरा की. आम्ही कधी नाही म्हटलंय?’’

गोदामाच्या खुर्चीवर अधिकाऱ्यांच्या ओळखीतला एक तरणाबांड गृहस्थ बसला. त्याने मागखात्यात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, म्हणून त्याचे कान शाबूत होते, म्हणून तो लायक होता. हिशेब चोख होता. मास्तरांना राग धरायलासुद्धा कुठे फट सापडेना.

ते मागखात्यात परतले. कपाटाची किल्ली सापडली नाही म्हणून त्यांनी घरून कापूस नेऊन कानात कोंबला. लांबच्या टोकाहून जॉबरने ओठांनी विचारलं, काय झालं? मास्तरांनी तिथूनच, आवाज न काढता, सगळी हकिकत सांगितली. हनुवटीसकट, फोनच्या ओठांसकट. बघता बघता सगळ्या खात्याच्या माना वळल्या, लोक मागाला टेकून हसू लागले. मास्तरही हसले. मागांच्या त्या धडधडाटात कानातली शिटी पार बुडून गेली होती आणि प्रत्येक माणसाचा प्रत्येक शब्द त्यांना कळत होता. जगात एवढ्या एकाच जागी ते बहिरे नव्हते आणि तीच जागा त्यांचे उरलेसुरले कान खात होती. हे लक्षात आलं तेव्हा त्यांना रडावंसं वाटलं, पण मास्तर रडले तर तेही सगळ्या खात्याला वाचता आलं असतं.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला समोर बसवून खरं सांगितलं. पहिल्या तपासणीत कशी लबाडी केली, का केली, साहेब काय म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘‘परीक्षेत ऐकू येतं. साहेबांसमोर ऐकू येतं. घरात तेवढं येत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘सोयीचं आहे तुमचं बहिरेपण.’’

‘‘तुझी शपथ.’’

‘‘नको माझी शपथ. तुम्ही फिरून माझ्या तोंडाकडे बघत बोलता, मला कळतच नाही आता, की बघताय की ऐकताय.’’

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मास्तर बाहेरच्या खोलीत गॅलरीकडे तोंड करून बुटांना पॉलिश करत बसले होते. दार उघडं होतं. गॅलरीत विमेवाले झारीने कुंड्यांना पाणी घालत होते. मास्तरांनी एका बुटाला ब्रश मारला, फुंकर घातली, उजेडात धरून बघितला. दुसरा घेतला. शिटी नेहमीसारखी वाजत होती. सहज त्यांची नजर वर गेली, तर विमेवाले जागच्या जागी थिजले होते. झारी वाकडी झाली होती आणि पाणी त्यांच्याच पायांवर पडत होतं. ते मास्तरांकडे नाही, मास्तरांच्या खांद्यावरून मागे बघत होते.

मास्तर वळले. हाताच्या अंतरावर बायको उभी होती. तिचे ओठ नुकतेच मिटत होते. चेहरा डोळ्यांच्या पाण्याने भिजला होता. म्हणजे ती आत्ता आलेली नव्हती, बराच वेळ बोलत होती. इतक्या वर्षांत मास्तरांनी अख्ख्या मागखात्याचे ओठ वाचले होते आणि इथे त्यांना वळायला उशीर झाला होता.

‘‘काय म्हणालीस?’’

तिने त्यांच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं, चकचकीत बुटाकडे पाहिलं. मग चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणून, सावकाश, एकेक अक्षर वेगळं करत म्हणाली, ‘‘पटलं मला.’’

‘‘पण त्याआधी काय म्हणालीस?’’

तिने मान हलवली. पुन्हा म्हणायचं बळ तिच्यात नव्हतं हे त्यांना दिसलं. ती आत गेली आणि तिने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

मास्तर अनवाणीच गॅलरीत आले. विमेवाले अजून तिथेच ओल्या पायांनी उभे होते.

‘‘काय म्हणाली हो ती?’’

आयुष्यात ज्यांनी कुणाची एक गोष्ट पोटात ठेवली नव्हती, त्या विमेवाल्यांनी झारी हळूच कठड्यावर ठेवली. त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.

‘‘मला नीट ऐकू आलं नाही, मास्तर,’’ ते म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.